हत्ती आधी!

आम्ही जालन्याचे. त्यामुळे मोसंबी, बियाणे आणि सळई यांतले आम्हांला सगळे कळते, असा पाहुण्यांचा समज असतो आणि तो आम्ही मोडीत नाही. वास्तविक सळईशी माझा संबंध घराचा स्लॅब टाकला त्या दिवसापुरता. तरीही एकदा हिच्यावर छाप पाडायला मी अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या पोलादी कमानींच्या पुलाची कथा ऐकवली.

मिसिसिपी नदीवरचा हा पूल जेम्स ईड्स या गृहस्थाने १८६७ ते १८७४ या काळात बांधला. त्याआधी त्याने एकही पूल बांधला नव्हता! तीन कमानी, मधली ५२० फुटांची. नदीच्या तळाशी, दाबलेल्या हवेच्या कोठ्यांत उतरून माणसांनी पाये खणले. वर येताना हवेचा दाब एकदम उतरे. त्यात दहाहून अधिक मजूर दगावले. एवढे होऊनही लोकांचा पोलादावर भरवसा बसेना. तेव्हा १४ जून १८७४ रोजी पुलावरून चक्क एक हत्ती चालवला. कच्च्या पुलावर हत्ती पाऊल टाकीत नाही, अशी तिकडेही समजूत! पुढे इंजिनिअरांनी चौदा रेल्वे इंजिने नेली ती वेगळीच.

आमचे घर जुन्या जालन्यात, हिचे माहेर नव्या जालन्यात, मध्ये कुंडलिका. पावसाळ्यातल्या एका रात्री सासूबाईंच्या छातीत दुखतेय असा निरोप आला. रिक्षा मिळेना. पायीच पुलाशी आलो तर दिवे गेलेले आणि खाली नदी गर्जत होती. पाणी पुलाच्या बरेच खाली होते, पण माझे धैर्य त्याहून खाली.

"अहो, व्हा पुढे."

"मीच का?"

"तुम्हीच सांगितलंत ना, हत्ती आधी म्हणून!"

माझे वजन तेव्हा ब्याण्णव किलो होते. निमूट निघालो. चार पावलांवर मागून शर्ट ओढला गेला. हिने टोक मुठीत धरले होते आणि मूठ थरथरत होती. ती थरथर पुलापायी नव्हती.

सासूबाई उशीला टेकून चहा पीत होत्या. "एवढ्या पावसात कशाला आलात गं?" म्हणाल्या, पण हिचा हात काही सोडीनात. कमान आपला भार दोन्ही काठांवर सोपवते, म्हणून उभी राहते, असे मी वाचले होते. कळले त्या रात्री.

सकाळी परतताना मी ऐटीत पुढे झालो, तर ही म्हणाली, "आता बरोबर चला. पूल पास झालाय."