तीन सडांची गाय

रात्रीचे साडेदहा वाजले होते. जेवणखाण आटोपून मी भांडी पालथी घालत होते, तोच धाकट्याचा फोन वाजला. तो शेजारी बसायला गेलेला, फोन घरीच चार्जिंगला लावलेला. मीच उचलला. पलीकडून ना रामराम, ना नाव ना गाव. एकदम प्रश्न आला, "गाईचं फायनल किती?"

मी म्हटलं, "भाऊ, कुठून बोलताय तुम्ही?"

तर फोन बंद!

२०२४ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. आमच्या बोअरची मोटार जळाली होती आणि डाळिंबाच्या बागेनं माना टाकल्या होत्या. नवी मोटार, केबल, काढायची-सोडायची मजुरी धरून पन्नास हजारांच्या आसपास खर्च होता. दावणीला दोन गाई. त्यातली चंद्री विकायची ठरली. धाकट्यानं तिचे तीन फोटो काढले, किंमत लिहिली, गावाचं नाव आणि नंबर टाकला आणि मोबाईलवर जाहिरात दिली. तालुक्याच्या गाई-म्हशींच्या ग्रुपवरही तीच टाकली. तेव्हापासून फोन थांबेना. कुणी पहाटे पाचला करी, कुणी रात्री अकराला. एकानं "रविवारी दहाला येतो, चहा तुमच्याकडंच" असं सांगितलं. मी जादा दूध राखून ठेवलं, हे दोघं बापलेक कामं टाकून बसले. बारा वाजले, दोन वाजले. याचा पत्ता नाही, आणि आम्ही लावला तर फोन उचलत नाही. न यायला माझी हरकत नाही, माणसाला अडचण येते. पण दोन शब्द कळवायला काय मोल पडतं?

मी या घरात १९८५ साली सून म्हणून आले. मामंजी तेव्हा दर रविवारी सांगोल्याच्या बाजाराला जायचे. खिलार बैलांसाठी लांबलांबची माणसं त्या बाजारात येत. बायका आम्ही काही बाजारात जात नव्हतो, पण रात्री जेवताना मामंजी सगळं सांगत. सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघं हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचा, आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूच्या माणसाला काही कळायचं नाही. यात शेतकऱ्याला फसवायलाही वाव होता, नाही असं नाही. दलाल दोन्हीकडून खायचे. पण एक होतं, भाव झाकलेला असला तरी जनावर उघड्यावर असायचं. दात मोजा, चालवून बघा, पाठीवर हात फिरवा. आणि विकणारा पुढच्या रविवारी त्याच झाडाखाली उभा असायचा. खोड लपवली तर आठ दिवसांनी चारचौघांत ऐकून घ्यावं लागे.

एकदा मामंजींनी एका बैलाचा विसार घेतला, एकावन्न रुपये. गिऱ्हाईक बाकीचे पैसे आणायला गेलं आणि तेवढ्यात दुसरा माणूस दोनशे जास्त द्यायला तयार झाला. मामंजींनी नाही म्हटलं. सासूबाई चार दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत, कारण त्या वर्षी घरात पत्रे घालायचे होते. मामंजी एवढंच म्हणाले, "विसार घेतला म्हंजे जनावर त्याचं झालं. आता मी नुसता राखणदार." हा किस्सा आमच्या घरात सणावाराला अजून निघतो.

पुढे बैल कमी झाले, संकरित गाई आल्या. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत बाजार बंद पडले. मग २०२२ च्या सप्टेंबरात लंपीची साथ आली आणि राज्यातले गुरांचे बाजार पुन्हा बंद करावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे पोरांना मोबाईलवरच घ्यायची-विकायची सवय लागली. सोय मोठी आहे, हे मी नाकारत नाही. घरबसल्या चार जिल्ह्यांतली जनावरं दिसतात, दलाल मध्ये नसतो. पण झाडाखाली उभा असणारा तो माणूस मात्र राहिला नाही. आज नंबर आहे, उद्या बंद.

याचा चटका आम्हाला आधीच बसला होता, आणि तो आम्ही गिळून टाकला होता. ते आता सांगायला हवं.

२०२३ च्या मार्चमध्ये धाकट्यानं मोबाईलवर एक कडबाकुट्टी यंत्र पाहिलं. जुनं, पण चांगल्या अवस्थेतलं. लिंबाच्या झाडाखाली उभं, मागे निळी ताडपत्री. किंमत फक्त अकरा हजार. विकणारा म्हणाला, मी सैन्यात जवान आहे, बदली झाली आहे, म्हणून स्वस्तात देतोय. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. आमच्या भागातली कितीतरी पोरं सैन्यात आहेत. जवान म्हटल्यावर शंका घ्यायचीच लाज वाटते, आणि नेमकं तेच हे लोक ओळखून असतात. आधी गाडीभाड्याचे अडीच हजार घेतले. मग "गेटपासचे चार हजार भरा, यंत्र मिळाल्यावर परत देतो" म्हणाला. तेही भरले. त्यानंतर नंबर बंद. साडेसहा हजार गेले.

आम्ही काय केलं? गप्प बसलो. हे म्हणाले, "गावात कळलं तर हसतील. शिकलेलं पोरगं असून फसलं म्हणतील." मलाही ते पटलं. मी कुणाला बोलले नाही. शेजारच्या वस्तीवर माझी धाकटी जाऊ राहते, रोज पाण्याला भेटते, तिलासुद्धा नाही.

जुलैत एक दिवस जाऊबाई रडतच आल्या. कडबाकुट्टीसाठी नऊ हजार भरले आणि माणूस गायब. त्यांनी फोनमधला फोटो दाखवला. तेच लिंबाचं झाड, तीच निळी ताडपत्री. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हे तर आमचंच यंत्र!"

जाऊबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आक्का, तुमास्नी ठावं हुतं? मग एका शब्दानं बोलला न्हाईसा?"

त्यावर मला काही बोलता आलं नाही. आम्ही आमची लाज झाकली होती, आणि तिची किंमत जाऊबाईंनी दिली होती.

त्यांची लेक पंढरपूरला कॉलेजात कॉमर्स शिकते, ती सुट्टीला घरी होती. तिनं त्याच संध्याकाळी १९३० या नंबरावर तक्रार नोंदवली. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवावं तितकी पैसे पुढे जायच्या आत अडवण्याची शक्यता जास्त. जाऊबाईंचे चार हजार अडवले गेले, हातात यायला मात्र पुष्कळ महिने लागले. आम्ही चार महिने उशिरा कळवलं, आमचं काही हाती लागलं नाही. तिनं आणखी एक गोष्ट मला उखाण्यासारखी पाठ करून घेतली: पैसे घ्यायला पिन लागत नाही. "मी पैसे पाठवतो, तुम्ही हे चौकोनी चित्र स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं, तर पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत असं समजायचं.

त्या पोरीनंच मला ईबेची हकिगत सांगितली. अमेरिकेत १९९५ साली एका संगणकवाल्यानं अनोळखी माणसांनी एकमेकांना वस्तू विकायची सोय काढली. सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंत एक बिघडलेला लेझरचा दिवा होता, पंधरा डॉलरला काही सेंट कमी. त्यानं घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, बाबा, हा मोडका आहे, समजलं ना? घेणारा म्हणाला, मी मोडकेच जमवतो! मला याचं भारी हसू आलं, पण विचारलं हे मात्र आवडलं. पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, त्यांनी व्यवहारानंतर एकमेकांविषयी बरंवाईट लिहून ठेवायची रीत घातली. पुढच्यानं ते वाचायचं आणि मग पैसे टाकायचे. म्हणजे सांगोल्याच्या झाडाखालचीच चर्चा, फक्त लिहून ठेवलेली. पण त्यातही एक मेख निघाली. घेणाऱ्यानं वाईट लिहिलं की विकणारा उलट त्याच्याविषयी वाईट लिही. त्या भीतीनं लोक खरं लिहीनासे झाले. शेवटी २००८ साली विकणाऱ्यानं घेणाऱ्याविषयी वाईट लिहिण्यावर बंदी आली. मला वाटतं, भीड आणि भीती सगळीकडे सारखीच. आपल्याकडे तर वाईट बोलायची भीती आणि चांगलं बोलायचा कंटाळा, दोन्ही आहेत. गाय चांगली निघाली तर "चांगली निघाली" असं कळवायला कोण फोन करतो?

असो. चंद्रीकडे येते.

त्या रात्रीच्या फोननंतर मी सुनेला म्हटलं, जाहिरातीत लिहिलंय तरी काय ते वाच बघू. तिनं वाचलं: "तिसऱ्या वेताची, दोन वेळचं मिळून बारा लिटर दूध, चारही सड चालू, गरीब स्वभाव, कोणतीही खोड नाही."

मी उडालेच. दुसऱ्या वेताला चंद्रीला दगडी झाली होती, उपचार करूनही मागचा उजवा सड गेला तो गेलाच. रोज धार मी काढते, मला विचारायचं तरी! धाकट्यानं दुसऱ्या कुणाची तरी जाहिरात उतरवून नुसते आकडे बदलले होते. म्हणाला, "आई, सगळेच असं लिहितात. माणूस दारात आला की सांगू."

मी म्हटलं, "दारात येईस्तोवर त्याचं पिकअपचं भाडं गेलं. मग तो एकतर रागानं परत जाणार, नाहीतर भाडं वाया जाईल म्हणून मन मारून नेणार. दोन्ही आपल्यालाच लागणार."

हे दोघं गप्प. बाग डोळ्यासमोर सुकत होती, आणि बार्शीकडचं एक गिऱ्हाईक पासष्ट हजारांवर जवळजवळ पक्कं झालं होतं. परवा निघणार होतं. माझ्याही मनात आलं, आत्ता बोलू नये. खोटं कशाला सांगू? रात्रभर आलं. पण जाऊबाईंचा तो चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळी मीच फोन लावला. त्या घरातली बाई बोलली. मी सांगितलं, "ताई, जाहिरातीत चूक झालीय. गाय तीन सडांवर आहे. दूध बारा नाही, दहा-साडेदहा आहे. बाकी अंगानं चांगली. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पाठवते, धार काढतानाचा व्हिडिओ पाठवते. बघा आणि मग ठरवा." ती बाई "मालकांना विचारते" म्हणाली आणि फोन ठेवला.

सुनेनं जाहिरात दुरुस्त केली. त्यासरशी फोन थांबले. तीन जण येणार होते, तिघांनी नाही म्हटलं. दोन दिवस बार्शीकडूनही काही नाही. धाकटा घरात माझ्याशी बोलेना. यांनी सोसायटीकडे हातउसन्याची चौकशी सुरू केली. मीही मनातून हादरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. तो माणूस म्हणाला, "माई, तीन सडांची गाय बावन्न हजाराला देता का? देत असाल तर आज निघतो." पुढे काय म्हणाला बघा, "दोन वर्षांमागं मी अशीच एक नेली, घरी आल्यावर कळलं. ह्या खेपेला आधी कळलं, म्हणून येतोय." धाकट्यानं विसार म्हणून हजार रुपये मोबाईलवर मागून घेतले आणि जाहिरात लगेच काढून टाकली. तासाभरात दुसऱ्या एकाचा चोपन्न हजाराचा फोन आला. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तो फोनवर म्हणाला, "गाय दिली, भाऊ." मामंजी असते तर खूश झाले असते.

नवराबायको दोघं आले. बाईनं स्वतः धार काढून बघितली. पैसे खात्यात जमा झाल्याचं धाकट्यानं बँकेच्या खात्यातच बघितलं, समोरच्यानं दाखवलेल्या फोटोवर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. मी चंद्रीला हळदकुंकू लावलं, भाकरी चारली, दावं काढून घेतलं. आमच्यात जनावर देतात, दावं देत नाहीत. मोटार दुसऱ्याच दिवशी बसली. बाग सगळी नाही वाचली, पण बरीच वाचली.

महिन्याभरानं बार्शीहून त्या बाईचा फोन. मी घाबरतच उचलला. म्हणाली, "माई, दूध तुम्ही सांगितलं तेवढंच हाय. पण एक सांगितलं न्हाई तुम्ही! उजवीकडं बसलं की लाथ मारती की ही!"

मला काही सुचेना. मी सदा तिच्या डाव्या अंगानं बसायची. त्या दिवशी बाईनं धार काढली तीही माझ्याच पाटावर बसून. उजवीकडून ती लाथ मारते, हे मलाच ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं, माफी मागितली. ती खो खो हसायला लागली. मी म्हटलं, "हे सगळं त्या ग्रुपवर लिहा बरं, चांगलं-वाईट दोन्ही."

तिनं लिहिलं. जाऊबाईंनी संध्याकाळी पाण्यावर मला मोठ्यानं वाचून दाखवलं: "गाय सांगितल्याप्रमाणे निघाली. तीन सड. माणसं बोलायला चांगली. धारेला डावीकडून बसावे."