उघड्या टोकाचा रेणू

गवती चहाची पात चुरडली की बोटांना लिंबासारखा वास लागतो, तो सिट्रालचा. दालचिनीचा वास सिनॅमाल्डिहाइडचा, जिऱ्याचा क्युमिनाल्डिहाइडचा. कोथिंबिरीत डेकॅनल आणि त्याची भावंडं. ढेकूण चिरडल्यावर येणारा दर्पही याच कुळातला. कोथिंबीर साबणासारखी लागते म्हणणाऱ्यांना मी आताशा हसत नाही. त्या चवीचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी असल्याचं दिसलं आहे. (कोथिंबिरीविना पोहे मात्र मला अजूनही पटत नाहीत.)

ही सगळी अल्डिहाइडं. त्यांच्या टोकाशी एक कार्बन असतो. दोन हातांनी त्याने ऑक्सिजनला धरलेलं, तिसरा हात उरलेल्या रेणूत आणि चौथ्यात नुसता हायड्रोजन. कीटोनमधल्या अशाच कार्बनला दोन्हीकडून कार्बनांचा आडोसा मिळतो. इथे एक बाजू जवळजवळ उघडीच. त्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढत राहतो, त्यामुळे कार्बन सदाचा किंचित उपाशी. म्हणून अल्डिहाइडला स्वस्थ बसवत नाही. हायड्रोजन मिळाला की ते अल्कोहोल होतं, ऑक्सिजन मिळाला की आम्ल. बेंझाल्डिहाइडची बाटली नीट बंद केली नाही, तर कडू बदामाचा तो सुगंध ओसरत जातो आणि बुचाशी बेंझोइक आम्लाचे पांढरे स्फटिक धरतात.

बारावीला टोलेन्सची परीक्षा करताना सगळ्यांचं लक्ष परीक्षानळीत चढणाऱ्या चांदीच्या आरशाकडे असायचं. त्या चांदीला इलेक्ट्रॉन देऊन स्वतः आम्ल होऊन गेलेल्या अल्डिहाइडच्या वाट्याला प्रयोगवहीत एकच शब्द यायचा, ‘उपस्थित’.

कुळातलं सर्वांत लहान फॉर्माल्डिहाइड. त्याच्या कार्बनला दोन्हीकडे हायड्रोजनच. प्रथिनांवरचे अमिनो गट पकडून ते त्यांना एकमेकांशी जखडून टाकतं आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह कुजायचा थांबतो. तो वास मला सोसत नाही. पण अमिनो गट पकडण्याची हीच खोड आपल्या डोळ्यांतही कामाला लागलेली आहे. रेटिनल हे ‘अ’ जीवनसत्त्वाचं अल्डिहाइड. दृष्टिपटलातल्या ऑप्सिन या प्रथिनाच्या एका लायसीनला ते आपल्या टोकाने जोडलेलं असतं. प्रकाशकण पडला की त्याच्या साखळीतला एक वाकडा दुहेरी बंध एका पिकोसेकंदाच्या आत सरळ होतो, प्रथिन हलतं, मेंदूकडे वर्दी जाते. मग रेटिनल सुटतं, अल्कोहोल होतं, पुन्हा वाकवलं जातं आणि पुन्हा अल्डिहाइड होऊन पुढच्या प्रकाशकणासाठी ऑप्सिनला चिकटतं.