अंगठा घेत नाही

शहाद्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, पीएम किसान, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, वीजबिलं, जे येईल ते. टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर आणि बोट ठेवायचं डबीएवढं यंत्र. राज्यशास्त्रात बी.ए. केलं तेव्हा राज्यसंस्था, नागरिक, मूलभूत हक्क हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांची खरी उजळणी या टेबलावर चालू आहे.

शहरातले मित्र सरकार आणि स्वातंत्र्य यावर बोलतात तेव्हा त्यात कॅमेरे असतात, फोन ऐकणं असतं, पाळत असते. ती काळजी खोटी नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या माणसाला सरकारनं आपल्याकडे पाहू नये असं वाटत नाही. सरकार आपल्याकडे बघतच नाही, हीच त्याची जुनी तक्रार. त्याला नडतं ते दुसरंच. त्याला नकार मिळतो आणि तो नकार कोणी दिला ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच तालुक्यात दिलं गेलं. 29 सप्टेंबर 2010, गाव टेंभली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते, रंजना सोनवणे यांना पहिला क्रमांक मिळाला. त्यानंतर वर्षानुवर्षं पत्रकार टेंभलीला येत राहिले आणि आधारानं गावाचं काय बदललं ते विचारत राहिले. आम्हा तालुकेकरांना त्याचं थोडं कौतुक, थोडा कंटाळा.

तेव्हा मला स्वतःला ही कल्पना पटली होती, आणि निम्मी आजही पटते. आमच्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, गावाबाहेर ज्याला कोणी ओळखत नाही, अशा माणसाला देशभर चालेल असा एक क्रमांक मिळणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. गावच्या कार्डावर परराज्यात धान्य उचलता येतं, हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणाला खरं वाटलं नसतं. निराधारांचे पैसे वाटेत कुठेकुठे झिरपत होते तेही मी पाहिलेलं आहे. त्यामुळे जुनी व्यवस्था चांगली होती असं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. तलाठ्याच्या मागे उन्हात हिंडणं म्हणजे काही स्वातंत्र्य नव्हतं.

पण तलाठ्याशी भांडता यायचं.

धडगावकडची एक आजी नातवाबरोबर आली होती. श्रावणबाळ योजनेची रक्कम खात्यात पडली होती, ती अंगठ्यावर काढायची होती. आजी पावरी बोलते, नातू मराठीत सांगतो. उजवा अंगठा ठेवला, घेतला नाही. डावा, नाही. मग आमचे ठरलेले उपाय: ओल्या फडक्यानं बोट पुसायचं, कोरडं करायचं, किंचित व्हॅसलीन लावायचं, यंत्राची काच पुसायची, एकेक बोट करून पाहायचं. जन्मभर विळा, कोयता आणि चुलीतली राख यांच्यात गेलेली बोटं. त्यांवर रेषा शिल्लकच नव्हत्या. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर दुसऱ्या नातवाचा, आणि तो बारडोलीकडे तोडीवर. चेहरा ओळखणारं ॲप डोळे मिचकावायला सांगतं. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पापणी हलली हे फोनला कळेपर्यंत वेळ संपून जाई.

पडद्यावर दर वेळी एक क्रमांक आणि इंग्रजीतलं एक वाक्य येत होतं: जुळत नाही. नातवानं विचारलं, "दादा, आता कोणाला सांगायचं?" मी त्याला बँकेच्या शाखेत पाठवलं. शाखेनं सांगितलं, आधारात बोटं अपडेट करून आणा. तशी दुरुस्ती माझ्याकडे होत नाही; तिचं केंद्र पोस्टात. आजी पोस्टात नवीन ठसे द्यायला गेली, पण बोटांवर रेषाच नसतील तर नवीन ठसेही कसे उमटणार? तिघांपैकी कोणी उद्धट वागलं नाही. प्रत्येकानं सहानुभूतीनं, चहा विचारून, तिला पुढच्या दारावर पाठवलं. पैसे तिचे, खातं तिचं, ती समोर उभी, नातू शेजारी, गावातला कोणीही शपथेवर सांगेल की ही तीच. पण त्या साक्षीला आता कुठे जागाच नाही. शेवटी शाखेतल्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं पैसे काढायच्या स्लिपवर तिचा शाईचा अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि पैसे दिले. नियमात ते बसत होतं. पण तो नियम आहे हे ठाऊक असलेला माणूस निवृत्तीला टेकलेला होता.

हे एका आजीपुरतं असतं तर मी लिहीत बसलो नसतो. 2017 च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची संतोषी कुमारी गेली. आधार न जोडल्यामुळे घरचं रेशन कार्ड रद्द झालं होतं. आई म्हणत होती पोरगी भुकेनं गेली, प्रशासन म्हणत होतं आजारानं. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या अन्न खात्यानं राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणाचं धान्य थांबवू नये, नोंदवहीत लिहून द्यावं. म्हणजे कागदावर वाट आहे. पण नोंदवहीत लिहून धान्य दिलं तर उद्या तपासणीत उत्तर दुकानदारालाच द्यावं लागतं. यंत्रानं नाही म्हटलं आणि त्यानंही नाही म्हटलं, तर त्याला कोणी काही विचारत नाही. नकार देणाऱ्याला कसलीही जोखीम नाही. सगळी गोम इथे आहे असं मला वाटतं.

2017 सालचा खाजगीपणाचा निकाल मी आमच्याच प्रिंटरवर काढून वाचायला घेतला होता. साडेपाचशेच्या आसपास पानं. सगळी वाचली असं म्हणणार नाही. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. 2012 मध्ये त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा वय शहाऐंशी. सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली की राज्यघटनेत खाजगीपणाचा मूलभूत हक्क नाहीच. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की आहे. मात्र पुढच्या वर्षी, 26 सप्टेंबर 2018 ला, पाच जणांच्या पीठानं चार विरुद्ध एक असा आधार कायदा बहुतांशी कायम ठेवला. बँक खात्याला आणि सिम कार्डाला जोडणीची सक्ती गेली. अनुदानं आणि योजनांना राहिली. म्हणजे ज्याला सरकारकडून काही घ्यायचं नाही त्याला थोडी मोकळीक, आणि ज्याची चूल पेटणं सरकारवर अवलंबून त्याला नाही. वेगळं मत देणारे एकमेव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. हा कायदा धन विधेयक म्हणून राज्यसभेला वळसा घालून करणंच घटनेशी प्रतारणा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या वाचनात मला सर्वांत बोचलं ते एक साधं कलम. मूळ कायद्यात, आधारच्या माहितीचा गैरवापर झाला तर न्यायालयात तक्रार फक्त आधार चालवणाऱ्या प्राधिकरणानंच करायची होती. ज्याची माहिती, त्याला तो अधिकार नव्हता. न्यायालयानं त्यावर बोट ठेवलं आणि 2019 च्या दुरुस्तीत तो माणसाला मिळाला. पण कायदा लिहिताना कोणाच्या डोक्यात हे आलं असेल की चोरी माझ्या घरात झाली तरी फिर्याद देणार ते घर बांधणारा?

निकाल आणि कलमं कदाचित विसरेन; लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचे दिवस मात्र मी विसरणार नाही. महिना पंधराशे रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. उत्पन्नाची पडताळणी करायची म्हणून बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं, लग्न झालेलं नसेल तर वडिलांचं आधारही मागितलं गेलं, आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. साइट दिवसा उघडायची नाही. रात्री उशिरा बायका शटरखालून वाकून आत यायच्या, कडेवर पोरं.

पहिला ओटीपी बाईच्या फोनवर आला, ठीक. दुसऱ्यासाठी नवऱ्याला फोन. कोणी तोडीवर, कोणी सुरतेला, कोणी घरात पण प्यायलेला. एकीचा नवरा फोनवर म्हणाला, "निम्मे देशील तर सांगतो." स्पीकर चालू होता. दुकानातल्या सगळ्या बायकांनी ऐकलं आणि कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. दुसरीला नवऱ्यानं टाकून बरीच वर्षं झालेली. त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता आणि असता तरी तिनं लावला नसता. घटस्फोटाचा कागद नाही, कारण आमच्याकडे अशा वेळी कागद होत नाहीत. तिनं विचारलं, "भाऊ, तो मेला असं लिहिता येईल का?" मी म्हटलं, त्यालाही दाखला लागतो. नंतर विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. टाकलेली बाई मात्र त्या दोन्ही रकान्यांत बसत नव्हती.

पात्रता तपासायला माझा विरोध नाही. सरकारी नोकरांच्या घरातही हे पैसे गेले होते हे उघड झालेलं आहे, आणि तो पैसा शेवटी कोणाचा तरी कर असतो. पण ज्या रकमेचं वर्णन बाईच्या हातातले स्वतःचे पैसे असं केलं गेलं, तिची किल्ली पडताळणीच्या नावाखाली नवऱ्याच्या खिशात गेली, हे ती पद्धत आखणाऱ्यांपैकी एकालाही दिसू नये? त्यांनी जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर शटरखालून वाकून येणारी बाई नव्हती, उत्पन्न जुळवायचा तक्ता होता, इतकंच.

आणि संमती. जवळपास प्रत्येक अर्जात एक छोटी चौकट असते: माझी माहिती वापरायला मी स्वखुशीनं संमती देत आहे. ती खूण माझ्या माउसनं होते. न केली तर पुढचं पान उघडत नाही. सुरुवातीला मी मजकूर वाचून, समजावून सांगायचो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, "नाही म्हटलं तर पैसे येतील का?" नाही येणार, म्हटलं. "मग विचारतो कशाला?" आता 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं तेवढंही नाटक उरवलेलं नाही. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी शासन वेगळी संमती न घेता माहिती वापरू शकतं, आणि देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी केंद्र आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकतं. एका अर्थी मला हे बरं वाटलं. निदान त्या म्हाताऱ्याला कायद्यानं खरं उत्तर दिलं.

यावर एक ठरलेला प्रतिवाद असतो, माझा मेहुणाच तो करतो: तंत्रज्ञान सुधारतंय, उद्या बुबुळं घेतील, अचूकता वाढेल. वाढेलही. पण शंभरातला एक जरी चुकून बाहेर राहणार असेल तर त्या एकाला कुठे जाता येईल, हे आधी ठरायला हवं. अचूकता वाढल्यावर तो एक आणखी एकटा पडतो, कारण मग त्याच्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही. शिवाय संशय नेहमी एकाच दिशेनं का वाहतो? नागरिकानं आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सिद्ध करायचं, आपण आपणच आहोत हे दर महिन्याला, शेत आपलंच आहे हे शेतकरी ओळख क्रमांकासाठी आणखी एकदा. मात्र आजीचा अंगठा नाकारला गेला तेव्हा यंत्र बरोबर होतं, हे कोणाला सिद्ध करावं लागत नाही.

म्हणून हल्ली मी एक जुनाट उद्योग सुरू केला आहे. पडद्यानं नाही म्हटलं की त्या पडद्याचा फोटो छापतो आणि एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहून देतो: अमुक तारखेला, अमुक वाजता, प्रमाणीकरण झालं नाही, अर्जदार स्वतः हजर होता, लाभ का नाकारला ते लेखी कळवावं. खाली सही किंवा शाईचा अंगठा. त्यासाठी स्टँप पॅड विकत आणलं. दुकानदार म्हणाला, हे आता कोण घेतं? अर्जाची दुसरी प्रत घेऊन जायचं आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून आणायचं, हे मी प्रत्येकाला बजावतो. ज्या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित आहेत त्यांच्या अर्जात मुदत आणि अपिलाचाही उल्लेख करतो. नाकारायचं तर कारण लिहून द्यावं लागतं, हे या कायद्यातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य.

सगळ्यांचं काम होतं असं नाही. टाकलेल्या बाईच्या अर्जाला अजून उत्तर नाही. तिच्या दुसऱ्या स्मरणपत्रावर मात्र आवक शिक्का आहे. मागच्या आठवड्यात एका कार्यालयातून फोन आला. आवाज ओळखीचा, सूर वैतागलेला. सगळं ऑनलाइन असताना तुम्ही हे कागद का पाठवता, आम्हाला प्रत्येकावर टिपणी लिहावी लागते. मी विचारलं, टिपणीखाली सही कोणाची असते? ते म्हणाले, माझी. मी म्हटलं, मग बरोबर आहे साहेब, उद्या आणखी चार येतील.