टोबॅगोच्या ताटात आणि पाण्यात

वेस्ट इंडीज म्हटले की आमच्या पिढीच्या मुंबईकराला पहिल्यांदा आठवतो तो 1971 सालचा पोर्ट ऑफ स्पेनचा कसोटी सामना. वाडेकरांच्या संघाने तिथे वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवले आणि गावसकर नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने त्या दौऱ्यात चार कसोट्यांत 774 धावा काढल्या. मी तेव्हा शाळेत होतो. सकाळचे वर्तमानपत्र दारात पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसे. त्या पोर्ट ऑफ स्पेनला आपण कधी जाऊ असे स्वप्नातही वाटले नव्हते. पण आमचे जावई तिथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात शिकवायला गेले, मुलीने धोशा लावला, आणि अडुसष्टाव्या वर्षी मी, चौसष्टाव्या वर्षी आमची सौ., असे आम्ही दोघे त्रिनिदादला जाऊन थडकलो.

आठवडाभर नातवंडांचे कौतुक झाल्यावर जावई म्हणाले, “बाबा, आता चार दिवस टोबॅगोला जाऊन या. समुद्र बघायचा तर तिथला.”

त्रिनिदाद आणि टोबॅगो हे एकच राष्ट्र, 31 ऑगस्ट 1962 रोजी स्वतंत्र झालेले. पण भावाभावांत असावा तितका फरक या दोन बेटांत आहे. त्रिनिदाद मोठे, तेल आणि वायूच्या पैशावर चालणारे, गजबजलेले. टोबॅगो म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर लांबीचा हिरवागार तुकडा. लोकवस्ती साठ हजारांच्या आसपास. मध्ये डोंगराची रांग आणि तिच्यावरचे जंगल. हे जंगल 1776 सालीच राखीव केले गेले. झाडे गेली तर पाऊसही जाईल, ही अक्कल त्या काळीही सुचली होती! फेरीबोटीने जायला काही तास लागतात आणि वाटेत पोट ढवळते, म्हणून आम्ही विमानाने गेलो. पट्टा बांधून सोडेपर्यंत टोबॅगो आलेसुद्धा.

आता खरी गोष्ट सांगायची तर आमच्या सौ.ला समुद्र बघायचा नव्हता. ती मालवणची. समुद्र तिने जन्मापासून पाहिलेला. पण घोट्यापलीकडे पाण्यात ती कधी गेली नाही. “समुद्र देतो तसा नेतो,” असे तिची आई सांगत असे, आणि ते तिने पदराला गाठ मारून ठेवले होते. तिला ओढ होती ती माशांची. आणि पहिल्याच रात्री तिची घोर निराशा झाली. हॉटेलात ‘आजचा मासा’ म्हणून जे आले ते पांढऱ्या रश्शाखाली लपलेले होते. सौ.ने काट्याने एक तुकडा उचलला, वास घेतला आणि निकाल दिला, “हा मासा आपल्यापेक्षा जास्त विमानप्रवास करून आलाय!” वाढप्याला विचारले तेव्हा त्यानेही लाजत कबूल केले की, मासा बर्फातला आहे. दारात समुद्र, आणि ताटात परदेशी बर्फ! ही तऱ्हा आपल्याकडच्या किनाऱ्यावरही पाहिलेली असल्यामुळे मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही शहाणे झालो. ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ असे त्याच वाढप्याला विचारले. वाचकहो, परमुलखात चांगले खायचे असेल तर एवढा एकच प्रश्न पाठ करून ठेवावा. त्याने बोट दाखवले ते स्टोअर बेकडे.

स्टोअर बे ही विमानतळापासून चालत पाच-दहा मिनिटांवरची लहानशी पुळण. तिथे एका ओळीत खानावळीच्या टपऱ्या आहेत आणि प्रत्येकीत एक धिप्पाड, हसतमुख बाई. आम्ही पहिल्याच टपरीपुढे उभे राहिलो. “काय देऊ, डार्लिंग?” असे त्या बाईंनी मला विचारले. सौ.च्या देखत मला असे कोणी प्रथमच म्हणत होते. मी कानापर्यंत लाल झालो. पण पाठोपाठ त्यांनी सौ.लाही ‘डार्लिंग’ म्हटले आणि प्रकरण मिटले.

तिथली प्रसिद्ध थाळी म्हणजे खेकड्याचे कालवण आणि डंपलिंग. फोडलेला अख्खा खेकडा, पिवळ्या दाट रश्शात, आणि खाली कणकेच्या उकडलेल्या चपट्या चकत्या. आपल्या वरणफळांच्या चुलत बहिणी म्हणा ना! सौ.ने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “जिरं आहे. लसूण आहे. नारळाचं दूध आहे. कोथिंबिरीसारखं काहीतरी आहे, पण कोथिंबीर नव्हे.” टपरीवाल्या बाई खूश झाल्या. त्यांनी एक लांब, करवती कडांचे पान आणून दाखवले. त्याला ते शॅडो बेनी म्हणतात. चुरडले की थेट कोथिंबिरीचा वास! आणि जिऱ्याला त्या ‘गीरा’ म्हणाल्या.

हा गीरा तिथे कसा पोचला? 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेल्या हिंदी मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. गुलामगिरी संपली होती, उसाच्या मळ्यांना हात हवे होते. 1917 पर्यंत 1,40,000 हून अधिक माणसे अशी करारावर नेण्यात आली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. ती राहिली त्रिनिदादमध्ये. टोबॅगोत वस्ती मुख्यतः आफ्रिकेहून धरून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची. पण मसाल्याने मधली खाडी ओलांडली आणि आफ्रिकेच्या डंपलिंगशी संसार थाटला. शेजारच्या ताटात हिरवेगार कालालू होते: अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध घोटून केलेले. सौ. म्हणाली, “हे तर आपलं फदफदं!” इतक्या दूर येऊन अळू भेटल्यावर माणसाला परके वाटणार तरी कसे?

तिसऱ्या दिवशी गाडी करून उत्तर किनाऱ्यावरच्या कास्तारा गावी गेलो. कोळ्यांचे लहानसे गाव, डोंगर थेट समुद्रात उतरलेला, आणि मातीच्या भट्टीतल्या पावाचा वास. किनाऱ्यावर तीसेक माणसे दोन रांगांत उभी राहून दोर ओढत होती. सौ. गाडीतून उतरली आणि जागीच थबकली. “अगो बाय! ही तर आमची रापण!”

खरेच रापण होती. होडीने अर्धगोल जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची. माझे लक्ष जाईपर्यंत सौ.ने पदर खोचला होता आणि ती दोराला लागली होती. आमच्याकडे रापणीला जो हात लावील त्याला वाटा मिळतो. तिथलाही रिवाज तोच निघाला. जाळे आले, मासे तडफडले, कोणीतरी शंख फुंकून गावाला वर्दी दिली, आणि सौ.च्या हातात दोन मासे ठेवण्यात आले. लगतच्या टपरीत तिने ते तळून घेतले. बर्फ ज्याला ठाऊक नाही असा मासा! त्या जेवणाचे वर्णन मी करणार नाही. दिवाळीच्या फराळावरून वाचकांचे मन उडायला नको.

आता पाण्याची गोष्ट. टोबॅगोच्या नैर्ऋत्य टोकाशी बुकू रीफ नावाची प्रवाळाची मोठी रांग आहे. 1973 साली ती संरक्षित सागरी उद्यान म्हणून जाहीर झाली आणि 2005 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. स्टोअर बेवरून काचेच्या तळाच्या होड्या तिथे नेतात. कोरड्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मे, पाणी नितळ असते. पावसाळ्यात दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीचे गढूळ पाणी तिथवर येते आणि दिसणे कमी होते. आम्ही फेब्रुवारीत गेलो ते बरे झाले. आणखी एक सूचना. किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी लहान फळे धरणारे मॅंचिनील नावाचे झाड असते. फळ विषारी आणि चीक अंगावर फोड उठवणारा. पावसात त्याच्या आडोशाला चुकूनही उभे राहू नये.

आमचा नावाडी सत्तरीचा होता. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर तो म्हणाला, “गावसकर!” आणि लॉर्ड रिलेटरने 1971 च्या त्या दौऱ्यावर रचलेले कॅलिप्सो गुणगुणू लागला. आमची तिथेच मैत्री जमली. मग त्याने मला तोंडावरची काच, श्वासाची नळी आणि अंगात घालायचे तरंगते जाकीट दिले. सौ. होडीत बसून काचेतून बघणार होती.

मी उतरलो आणि पाण्यात डोके घातले. काय सांगू! पिवळे, निळे, जांभळे मासे आपल्या कामावर निघालेले, दादर स्टेशनवरची सकाळच जणू. सांबरशिंगासारखी प्रवाळाची झाडे, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोल दगड. आणि पोपटमासे! हिरवे-निळे, पोपटासारखी चोच असलेले. ते दगड कुरतडत होते आणि त्याचा कुरकुर आवाज मला पाण्याखाली स्पष्ट ऐकू येत होता.

एवढ्यात नळीत पाणी शिरले. खारट घोट घशात गेला, मी घाबरलो, आणि आधाराला पाय खाली सोडले. पायाला टणक गोल काहीतरी लागले. मी त्यावर उभा राहिलो, घसरलो, पुन्हा उभा राहिलो. “पाय वर!” नावाडी ओरडला. त्याने मला दंडाला धरून होडीशी आणले. मी खाली पाहिले. हंड्याएवढ्या मेंदू-प्रवाळावर माझ्या टाचेचे दोन पांढरे ओरखडे उठले होते.

“हा दगड नाही,” तो शांतपणे म्हणाला. “जिवंत आहे. वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. हा तुमच्या मुलाच्या वयाचा तरी असेल.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी माफी मागू लागलो तसा त्याने हात हलवला. “माझी माफी कशाला? माझं ऐका. मी पोरगा होतो तेव्हा याच होडीवर पाहुण्यांना प्लास्टिकचे बूट वाटत होतो. प्रवाळावर चालायला! रोज किती माणसं, किती वर्षं! माझ्याच हातांनी बूट चढवले मी त्यांच्या पायांत. कोणाला ठाऊक होतं? नंतर 2005 ला पाणी तापलं, 2010 ला पुन्हा तापलं, प्रवाळ पांढरं पडलं. गावाचं सांडपाणी आहे, नांगर आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत दक्षिण किनाऱ्याला उलटी झालेली बार्ज लागली, तिचं तेल किनाऱ्यावर आलं. ते काही मला थांबवता येत नाही. बूट तेवढे थांबवता आले.”

सौ. हे सारे ऐकत होती. ती एकदम उठून म्हणाली, “मला ते जाकीट द्या.” मी नको म्हणायच्या आत ती शिडीवरून उतरली होती. नावाड्याने तिचा हात धरला. काठीसारखी आडवी होऊन, पाय अजिबात न हलवता, ती त्या बागेवरून तरंगत गेली. माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. दहा मिनिटांनी वर आली तेव्हा काचेच्या आत डोळे भरले होते. खारे पाणी समुद्राचे की आणखी कशाचे हे मी विचारले नाही.

परतताना नायलॉन पूल लागला. भर समुद्रात कमरेएवढे पाणी आणि खाली पांढरीशुभ्र वाळू. राजकन्या मार्गारेटने आपल्या पायमोज्यांच्या पारदर्शकपणाशी तुलना केली म्हणून हे नाव, असे सांगतात. तिथे मात्र खुशाल उभे राहता येते. नावाड्याने मूठभर वाळू सौ.च्या हातावर घातली आणि म्हणाला, “ही पोपटमाशाची विष्ठा!” तो मासा प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर दगडही दळतो, आणि मागे बारीक वाळू सोडतो. शेवाळ खाणारा मासा गेला तर प्रवाळ गुदमरते. “म्हणून पोपटमासा कोणी विकत असला तरी घेऊ नका. सुरमईच्या जातीचा किंगफिश घ्या. लायनफिश मिळाला तर जरूर घ्या. तो परका, उपरा, इथले लहान मासे फस्त करतो. त्याला खाल्लं तर रीफवर उपकार.”

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या ‘डार्लिंग’ बाईंकडे जेवलो. किंगफिशची तुकडी होती. सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अहो, मालवणला किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली असंच असेल का हो? चौसष्ट वर्षांत मी एकदाही वाकून बघितलं नाही.”

तिथेही प्रवाळ आहे. सिंधुदुर्गाच्या आसपासचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. पर्यटक तिथेही नळ्या लावून उतरतात, आणि घाबरला की माणूस कुठेही पाय खाली सोडतोच.

येत्या डिसेंबरात आम्ही मालवणला जाणार आहोत. सौ.ची तयारी आहे. माझी चालू आहे. रोज सकाळी तरणतलावात लहान पोरांच्या रांगेत उभा राहून मी तरंगायला शिकतो आहे. शिकवणारा पोरगा विचारतो, “आजोबा, या वयात कशाला?” मी सांगतो, “पाय वर ठेवायला.”