भरून पावलो

वाचक माउलींनो, वारीत तुम्ही कितीतरी गावांत, कितीतरी वाड्यांच्या अंगणांत पंगतीला बसला असाल. वाढणाऱ्याचे हात आपल्याला दिसतात. त्या घरात झाकून काय ठेवले आहे ते दिसत नाही, आणि ते पाहण्याचे आपले कामही नसते. अन्न नारायणाचे, असे म्हणून आपण जेवतो आणि पुढच्या मुक्कामाला लागतो. आज मी वाढणाऱ्या बाजूची गोष्ट सांगणार आहे. ती आमच्याच घरातली आहे. गावाचे आणि घराण्याचे नाव लिहिलेले नाही, कारण या गोष्टीत दुसऱ्याही एका घराची अब्रू आहे आणि ती छापून मांडण्याचा मला अधिकार नाही.

१९७९ साली मी या वाड्यात सून म्हणून आले. नीरास्नान उरकून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात आली, की पुढच्या पट्ट्यात आमचे गाव. चौसोपी वाडा, दगडी जोते, तीन-तीन हात रुंदीच्या भिंती आणि त्या भिंतींच्या पोटात धान्याची बळदे. मोठा दरवाजा वर्षातून एकदाच सताड उघडायचा, तो आमच्याकडे जेवायला येणाऱ्या दिंडीसाठी. चार दिवस आधीपासून जात्यावर आणि चुलीवर गर्दी. भाकरी, पिठले, आमटी, गूळ घातलेली लापशी. विणेकरी बुवा जेवून उठले की मामंजींना म्हणत, "या वाड्याची पुण्याई मोठी." मामंजी हात जोडत. पंचक्रोशीत आमच्या घराण्याचे नाव होते, आणि ते सर्वांत जास्त या एका पंगतीमुळे होते.

पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आले, की दिंडीतले एक म्हातारे बाबा आत आले नाहीत. वाड्यासमोर जुना लिंब आहे, त्याखाली ते बसले. पडशीतली स्वतःची शिळी भाकरी सोडली, चटणीशी खाल्ली. मग उठून रस्त्याकडेच्या आमच्या मळ्यात गेले, वाकून चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली आणि टाळ घेऊन रांगेत उभे राहिले. मी सासूबाईंना विचारले. त्या परातीतले पीठ मळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन देत जा. बाकी विचारू नकोस."

मी दरवर्षी तांब्या नेऊन देत गेले. बाबा पाणी घेत, "माउली" म्हणत. अन्न कधी घेतले नाही. पुढे ते थकले आणि त्यांच्या जागी त्यांची सून दिंडीत येऊ लागली. तीही लिंबाखालीच बसे. तिलाही मी पाणीच देत राहिले. चाळीस वर्षे मी तो तांब्या नेला, आणि चाळीस वर्षे विचारले नाही. याचा दोष मी सासूबाईंवर ढकलणार नाही. विणेकरी बुवांचे कौतुक माझ्याही कानाला गोड लागत होते.

२०१९ च्या पावसाने माजघराची मागची भिंत बसली. ढिगारा उपसताना बळदाच्या तळाशी एक पत्र्याची पेटी निघाली. आत दप्तर होते, लाल फडक्यात बांधलेले, सगळे मोडीत. आमच्या घरात आता कुणालाच मोडी येत नाही. तालुक्याच्या गावी एक निवृत्त कारकून मोडी वाचतात, त्यांच्याकडे हे घेऊन गेले. दोन दिवसांनी त्यांनी बोलावले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "वाचून दाखवतो. पण नंतर मला काही विचारू नका."

जुन्या सावकारीत मुदतखरेदी नावाचा प्रकार होता, हे वडीलधाऱ्या वाचकांना ठाऊक असेल. शेतकरी पैसे घेई आणि जमिनीचे खरेदीखत लिहून देई. मुदतीत पैसे फेडले तर सावकाराने जमीन परत करायची, नाही फेडले तर ती सावकाराची. अशा कागदांपायी किती घरे बुडाली! १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते प्रामुख्याने हीच खते मिळवून जाळण्यासाठी. पुढे १८७९ साली सरकारने कर्जदार शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तरी सावकारी संपली नाही.

आमच्या पेटीतले खत १९३१ सालचे होते. धान्याचे भाव पडलेले ते दिवस. लिंबाखालच्या बाबांच्या वडिलांनी रस्त्याकडेचा तीन एकर मळा माझ्या आजेसासऱ्यांना दोनशे रुपयांत मुदतखरेदीने लिहून दिला होता. मुदत पाच वर्षांची. खताबरोबर आजेसासऱ्यांची रोजकीर्द होती. त्यात १९३६ साली, मुदत संपायच्या दीड महिना आधी, मुद्दल आणि व्याज जमा केलेले होते. पुढे त्यांच्याच अक्षरात दोन शब्द होते, "भरून पावलो".

पैसे भरून पावले होते. खत मात्र परत दिले नव्हते, मळाही दिला नव्हता. समोरच्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्याच्या हातात पावती नव्हती. सावकार जगाशी खोटे बोलेल, पण आपल्या वहीशी बोलत नाही. त्यामुळे खरे काय ते त्या बळदात बसून राहिले. काही वर्षे ते कुटुंब आपलाच मळा आमचे कूळ म्हणून कसत होते. कूळकायदा येणार अशी कुणकुण लागली, तसे त्यांना तिथूनही उठवले. आता विचार करा माउली, दिंडीच्या पंगतीला आम्ही जी ज्वारी वाढत होतो, ती त्याच मळ्यातली होती.

घरात हे सांगितले तेव्हा मोठे भाऊजी बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकेक गोष्ट मांडली, आणि त्यातली एकही चुकीची नव्हती. वकिलांच्या मते इतक्या वर्षांनी कायद्याने कुणी काही मागू शकत नव्हते. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात मळ्याची एक पट्टी गेली होती आणि तिचा मोठा मोबदला आला होता. नातीचे लग्न ठरत होते. "ज्यांनी केलं ते गेले, ज्यांचं गेलं तेही गेले," भाऊजी म्हणाले. "आता हे उकरून घराण्याचं नाव घालवायचं का?" यांनाही उत्तर सुचेना, मलाही सुचेना. दप्तर पुन्हा फडक्यात बांधले गेले.

पुढची दोन वर्षे महामारीची. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पायी दिंड्या आल्या नाहीत. आषाढात मी दारात उभी राहून लिंबाकडे पाही. खाली कुणी नसे. पंगत नाही म्हणून वाईट वाटत होते, पण त्याहून जास्त डाचत होते ते पाण्याचा तांब्या न्यायला कुणी नव्हते याचे. झोप लागेना. वाड्यात कुठे माती ढासळली, लाकूड करकरले, तरी मला ती पेटी आठवे.

देवळे उघडल्यावर मी आळंदीला निघाले. भाऊजींनी दप्तर माझ्या पिशवीत ठेवले. म्हणाले, "तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत सोडली होती. जाताच आहात तर हीही सोडून या. मनातून काढून टाका." ते कुत्सितपणे बोलले नाहीत. माझी अवस्था त्यांना बघवत नव्हती.

आळंदीत समाधीचे दर्शन घेऊन मी सिद्धबेटावर जाऊन बसले. विठ्ठलपंतांची चारही मुले जिथे वाढली, ती जागा. तिथे बसल्यावर एक गोष्ट मनात आली. विठ्ठलपंतांनी आपले लग्न झाल्याचे लपवून काशीला संन्यास घेतला, गुरूंना ते कळले, त्यांनी परत संसारात पाठवले, आणि त्याची झळ लेकरांना लागली. संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकले. आपल्या संप्रदायाच्या सर्वांत थोर घरातली ही गोष्ट. झाकायचीच असती तर सातशे वर्षांत कुणी तरी झाकली असती. पण कीर्तनकार ती भर मंडपात सांगतात, आपण डोळे पुसत ऐकतो, आणि शेवटी त्याच घराच्या समाधीवर माथा टेकतो. माउलींच्या घराण्याचे नाव त्यामुळे तसूभरही कमी झालेले नाही. मग आमच्या वाड्याचे नाव असे काय मोठे लागून गेले?

संध्याकाळी घाटावर आले. दप्तर हातात घेतले. पाणी समोर होते, सोडायला क्षणही लागला नसता. तेव्हा तुकोबांची गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली. तुकोबांनी बुडवले ते कागद लोक त्यांचे देणे लागतात असे सांगणारे होते. माझ्या हातातला कागद आम्ही लोकांचे देणे लागतो असे सांगत होता. त्यांनी कागद बुडवून दुसऱ्याचे ओझे उतरवले. मी कागद बुडवला असता तर ती दुसऱ्यांदा केलेली चोरी झाली असती, आणि वर तुकोबांचे नाव घेऊन केलेली. मी दप्तर पिशवीत परत ठेवले आणि घरी आले.

यांना सांगितले. हे थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तुकोबांनी सगळी खतं बुडवली नव्हती. निम्मी कान्होबांच्या वाट्याची होती, ती त्यांना देऊन आपली निम्मी बुडवली. दादाच्या वाट्यावर आपला हक्क नाही. आपल्या वाट्याचं आपण करू."

आम्ही दोघे त्या घरी गेलो. मळा गेल्यावर ते कुटुंब तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिले होते. बाबांची सून दारात होती. तिने ओळखले, पाणी दिले. चहा ठेवला नाही. यांनी खत आणि रोजकीर्द तिच्यापुढे ठेवली, त्यात काय लिहिले आहे ते सांगितले. ती रडली नाही, आमच्या पाया पडली नाही, आम्हाला पडूही दिले नाही. म्हणाली, "आम्हाला ठावं हुतं. सासरे सांगून गेले, त्यांच्याशी भांडू नका, कोर्टात जाऊ नका, वारी चुकवू नका. फकस्त त्या घरी जेवू नका."

माउली, आम्ही चाळीस वर्षे समजत होतो, की गुपित आमच्याकडे आहे. ते त्यांच्याकडेही होते. त्यांनी ते शांतपणे सांभाळले आणि दरवर्षी आमच्या दारासमोर बसून आम्हाला दाखवलेही. आम्हीच पाहिले नाही. भिंतीच्या आत जे कोंडले असे आम्हाला वाटत होते, ते लिंबाखाली उघड्यावर बसले होते.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या वाट्याच्या निम्म्या मळ्याचे बक्षीसपत्र झाले. मोबदल्यातला आमचा वाटाही दिला. बक्षीसपत्र हा शब्द मला अजून टोचतो, कारण ज्याचे त्याला देण्यात बक्षीस कसले? पण कायद्याला तोच शब्द ठाऊक आहे. भाऊजी त्या दिवसापासून आमच्याशी कामापुरते बोलतात. नातीचे लग्न मात्र ठरल्याप्रमाणे झाले. नव्या सोयऱ्यांना यांनी सगळे आधीच सांगितले होते.

त्या आषाढात पायी वारी पुन्हा निघाली. दिंडी आली, मोठा दरवाजा उघडला. मी सवयीने तांब्या भरून बाहेर आले, तर ती लिंबाखाली नव्हती. मळ्याकडून येत होती, कपाळाला माती लावून. सरळ दरवाजातून आत आली, पंगतीत बसली. मी भाकरी वाढायला वाकले, तर तिने भाकरीचा निम्मा भाग मोडून माझ्या टोपलीत परत ठेवला. हसून म्हणाली, "अर्धं रान आलं, अर्धी भाकरी खाते." सगळी पंगत ऐकत होती. सोप्यात बसलेल्या भाऊजींनीही ते ऐकले. मान खाली घातली, पण उठून गेले नाहीत.

ती अर्धी भाकरी आमच्याकडे अजून बाकी आहे. ती कधी पुरी होईल, ते पांडुरंगाला ठाऊक. माझ्या पुरते सांगते, त्या रात्री कितीतरी वर्षांनी मला शांत झोप लागली.

हे मोठेपणासाठी लिहिलेले नाही. ज्यांचे होते त्यांना निम्मेच मिळाले, तेही शहाऐंशी वर्षांनी. लिहिले ते एवढ्यासाठी, की तुमच्यापैकीही कुणाच्या घरात असे एखादे बळद असेल. कुणाचे दाबलेले रान, बहिणीचा न दिलेला वाटा, कुणाला घराबाहेर काढल्याची गोष्ट. घराण्याचे नाव जपण्यासाठी आपण ते लिंपून टाकतो, आणि त्याच तोंडाने विठ्ठलाचे नाम घेतो. तोंड एकच असते माउली, ते दोन्ही फार काळ सांभाळू शकत नाही. यंदा पंढरीला जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा आणि विचारा. दारासमोर कुणी न जेवता बसत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. नुसता पाण्याचा तांब्या देऊन माझ्यासारखी चाळीस वर्षे घालवू नका.

आजेसासऱ्यांची ती रोजकीर्द आता देवघरात ठेवली आहे. "भरून पावलो" हे त्यांनी लिहिलेले शब्द खरे व्हायचे अजून निम्मे राहिले आहेत.

रामकृष्ण हरी.