दऱ्या आणि दर्या

आमचे गाव सह्याद्रीच्या उगवतीकडच्या अंगाला आहे. समुद्र पाहायचा तर घाट उतरून पार कोकणात जावे लागते. गावातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो जन्मात पाहिलेला नाही. असा हा समुद्र गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एकाएकी आमच्या गावाच्या नकाशात शिरला. आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्याला आत घेणारा मीच होतो.

त्याचे असे झाले. आमच्या शाळेच्या ओसरीत एक लांबलचक भिंत होती. तिच्यावर 1989 साली चित्रकलेच्या गुरुजींनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, गावाचा नकाशा रंगवला होता. मी तेव्हा चौथीत होतो आणि रंगाचा डबा धरून त्यांच्या शिडीखाली उभा होतो. ओढा निळा, शेते पिवळी, देऊळ तांबडे, आणि वाड्यांची नावे काळ्याभोर, ठसठशीत अक्षरांत. पश्चिमेच्या टोकाला, जिथे जमीन एकदम खाली कोसळते, तिथे अण्णांनी उतरत्या ओळीत एकच शब्द लिहिला होता : 'दऱ्या'.

त्या भिंतीला ओल धरली. ओसरी पाडून नवी बांधायचे ठरले आणि नकाशा वाचवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी दिवसा मास्तर आणि रात्री कादंबरीकार. कादंबऱ्या संगणकावर लिहितो, म्हणून संगणकातले मला सारे समजते, असा शाळेत समज आहे. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पण गैरसमज आपल्या बाजूचा असला की तो दूर करायला माणूस धावत नाही.

नुसता फोटो काढून ठेवता आला असता. पण फोटो मोठा करावा तसतसा तो पुसट होतो. एका तरुण सहकाऱ्याने दुसरी वाट सुचवली : व्हेक्टर चित्र. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा रांगोळीच्या भाषेत सांगतो. फोटो म्हणजे काढून झालेली रांगोळी. व्हेक्टर चित्र म्हणजे आजीने शेजारणीला सांगितलेली रीत : 'इथून तिथवर रेघ ओढ, इथे वळण घे, मधल्या जागेत पिवळा भर.' ती रीत ऐकून कोणी उंबऱ्यापुरती रांगोळी काढील, कोणी अंगणभर. रेघ दोन्हीकडे सारखीच स्वच्छ. एसव्हीजी नावाची फाइल म्हणजे असे सांगणेच असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने 2001 साली तिचे प्रमाण रूप जाहीर केले. आणि 2003 पासून चालत आलेल्या इंकस्केप नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये माझ्यासारख्यालाही ती तयार करता येते.

महिनाभर खपून मी नकाशा उतरवला. नावांसाठी शाळेच्या संगणकावरचा एक डौलदार फॉन्ट निवडला. मग शाळेतल्या एकाने इंटरनेटवर पाठवायला सोपी जावी म्हणून कुठल्याशा प्रोग्रॅममधून ती फाइल हलकी करून घेतली. पहिली प्रत अर्थातच अण्णांना. ते आता पुण्याला लेकीकडे असतात. रात्री त्यांचा फोन आला.

"काय रे, गावात दर्या कधी आला?"

मला काही उमजेना. अण्णांनी नातवाकडून फोनवरच्या नकाशाचा फोटो काढून मला पाठवला. पाहतो तो 'दऱ्या'तल्या र्‍याचा गळफास सुटून तो य-च्या डोक्यावर रफार होऊन बसलेला. दऱ्यांचा दर्या झाला होता! शिवाय वाड्यांची नावे आपापल्या चौकटींतून बाहेर सांडली होती, आणि 'ॲग्रो केंद्र' या पाटीतल्या पहिल्या अक्षराच्या जागी नुसती रिकामी चौकोनी डबी होती.

"माझं अक्षर बदललंस ते चालेल," अण्णा म्हणाले, "पण शब्द तरी माझा ठेव."

त्या रात्रीपासून मी या विद्येचा उमेदवार झालो. पहिला धडा असा. छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे जुळवीत असे. छापलेला कागद वाचकाच्या घरी जाई, खिळे छापखान्यातच राहत. निर्णयसागरचे ग्रंथ वाचणाऱ्याला आपल्या घरी निर्णयसागरचे खिळे ठेवावे लागत नसत. संगणकावरच्या व्हेक्टर चित्राचे मात्र उलटे आहे. त्यातून अक्षराचा आकार जात नाही, नुसता निरोप जातो : 'या ठिकाणी, अमुक फॉन्टमध्ये, हा शब्द लिही.' खिळे वाचणाऱ्याच्या घरचे! ज्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, तो फोन आपल्याजवळचा दुसरा घेऊन वेळ भागवतो. दुसऱ्याची अक्षरे रुंद असली की नावे चौकटीबाहेर सांडतात. एखादे अक्षर त्याच्याजवळ नसलेच, तर तिथे डबी उमटते.

दर्याचे प्रकरण मात्र माझ्या टंकलेखनातले होते. ती जोडणी दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका तऱ्हेत साधा 'र', त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालायचे. मी हीच तऱ्हा वापरली होती. आणि फाइल हलकी होताना ते न दिसणारे चिन्ह कचरा समजून झाडले गेले. दुसऱ्या तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षरच घ्यायचे. तिथे गळायला काही नाही. मात्र फॉन्टला त्या अक्षराची ओळख हवी. नसली, तर ठिपका आणि मोडका पाय दोन्ही उघडे पडतात.

एवढे समजल्यावर मला वाटले, ही दगदग हवी कशाला? इंकस्केपमध्ये अक्षरांचे रूपांतर रेषांत करण्याची सोय आहे. मग फॉन्टचा संबंधच उरत नाही. अक्षर म्हणजे देवळासारखेच एक चित्र. मी शाळेच्या संगणकावर 'दऱ्या' नीट लिहिले, साऱ्या नावांच्या रेषा करून टाकल्या आणि फाइल जतन केली. अण्णांच्या फोनवर, मुख्याध्यापकांच्या फोनवर, सगळीकडे नकाशा तंतोतंत उमटला. मी जिंकलो होतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. मुलांनी नकाशा फोनवर पाहिला होता. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलेना.

"काय गं, काय हवंय?"

"सर, आमच्या वाडीचं नाव आता बदललंय ना? ग्रामसभेत ठराव झालाय. मग नकाशात जुनंच का?"

मी मान खाली घातली. तिच्या वाडीच्या जुन्या नावात जात होती. वस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलायचा निर्णय राज्य सरकारने 2020 च्या डिसेंबरात घेतला आणि पुढे आमच्या गावानेही तो अमलात आणला. ठरावाच्या सभेला मी स्वतः हजर होतो. आणि तरीही भिंतीवरचे अक्षर न् अक्षर इमानाने उतरवण्याच्या भरात ते नाव मी जसेच्या तसे उतरवले होते. दर्या झाला तेव्हा मला एका रात्रीत कळले होते. हे मात्र माझ्या लक्षातही आले नव्हते.

"आज घरी जाऊन बदलतो," मी म्हणालो.

घरी जाऊन फाइल उघडली. पण बदलणार काय? तिथे नाव नव्हतेच. होत्या फक्त वेड्यावाकड्या रेषा. शोधून नाव सापडेना, खोडून दुसरे लिहिता येईना. मूळ फाइल वेगळी जपून ठेवायला हवी होती, हे शहाणपण मागाहूनचे. शेवटी त्या रेषा पुसल्या आणि नवे नाव टाइप केले. पण तो डौलदार फॉन्ट शाळेच्या संगणकाचा. तो बरोबर न्यायची परवानगी नव्हती. माझ्या संगणकावर होता त्यातला एक घेतला आणि नाव बसवले.

मग मागे सरून नकाशा पाहिला. वीस वाड्या एका वळणाच्या, आणि ती एक वाडी वेगळ्या वळणाची. नव्या कापडावरच्या ठिगळासारखी ती दुरूनही ओळखू येत होती. पिढ्यान् पिढ्या जी वाडी गावाने वेगळी ठेवली, तिला मी नाव नवे दिले, आणि पुन्हा वेगळीच ठेवली.

ती फाइल मी तशी कोणाला पाठवू शकलो नाही. सगळी नावे पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून बसलो. या खेपेस डौल पाहायचा नाही, हे ठरवून.

फॉन्ट कसा निवडायचा, याचे माझे नियम त्यानंतरच्या आठवड्यात तयार झाले. पहिला, तो मोकळा हवा. फुकट आणि मोकळा यांत अंतर आहे. फुकटची वस्तू पुष्कळदा फक्त आपल्यापुरती असते. मोकळी वस्तू दुसऱ्याला देता येते. ओपन फॉन्ट लायसन्स या परवान्याखालचे फॉन्ट वापरावेत, वाटावेत, चित्रात बांधून पाठवावेत, त्यांत फेरफारही करावेत. फक्त नुसता फॉन्ट एकटा विकू नये. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला, त्याच्याविषयी मनात आदरच आहे. पण तो असा वाटता येत नाही. वाटता येणाऱ्यांत मला तीन भेटले. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त', जो नावाप्रमाणे मुक्त आहे. गूगलचा 'नोटो', ज्याचे नावच त्या रिकाम्या डब्यांवरून पडले : इंग्रजीत त्या डब्यांना 'टोफू' म्हणतात, आणि 'टोफू नको' यातून नोटो. अँड्रॉइड फोनांत देवनागरीसाठी याच कुळातले अक्षर असते. तिसरा रेड हॅटने मोकळा केलेला 'लोहित', लिनक्सवाल्यांचा जुना सोबती.

दुसरा नियम, फॉन्टला मराठी यायला हवे. देवनागरी येणे निराळे आणि मराठी येणे निराळे. मी एक परीक्षेची ओळ केली : 'दऱ्या, कऱ्हाड, वऱ्हाडी, ॲग्रो, लक्ष्मी, शेतकरी.' दिसायला देखणे असे दोन फॉन्ट पहिल्याच शब्दाला नापास झाले. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी. 2009 साली महाराष्ट्र शासनाने वर्णमाला ठरवली तेव्हा हीच प्रमाण मानली. कित्येक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण फाइलमध्ये 'भाषा मराठी' अशी नोंद केल्याशिवाय आपले वळण पुढे येत नाही.

तिसरा नियम, एकावर विसंबू नये. फॉन्टच्या जागी नावांची माळ लिहावी : आधी मुक्त, तो नसेल तर नोटो, तोही नसेल तर लोहित, आणि शेवटी 'जो साधा फॉन्ट जवळ असेल तो'. आणि पाहुण्यांसाठी पानावर जागा ठेवतो, तशी प्रत्येक नावाच्या चौकटीत थोडी जागा मोकळी सोडावी; येणारा अंगाने कसा असेल, सांगता येत नाही.

फॉन्ट फाइलमध्येच बांधून देण्याचीही सोय आहे. चित्र म्हणून पानात बसवलेली फाइल बाहेरून काही मागवत नाही, म्हणून नुसता फॉन्टचा पत्ता लिहून भागत नाही. शिदोरी बरोबरच द्यावी लागते. ओझे वाढते. ते कमी करायला लागतील तेवढीच अक्षरे बांधता येतात. मी तेही करून पाहिले आणि मग थांबलो. उद्या आणखी एका वाडीने नाव बदलले आणि त्यातले एखादे अक्षर शिदोरीत नसले तर? मी सगळा फॉन्ट बांधला.

नवा नकाशा अण्णांना पाठवला तेव्हा मनात धाकधूक होती. त्यांनी तो नातवाच्या फोनवर पाहिला, लेकीच्या पाहिला, शेजाऱ्यांचा फोनही मागून आणला.

"अक्षरात ऐट नाही," ते म्हणाले.

"नाही अण्णा."

"पण सगळीकडे सारखं आहे." मग थोडे थांबून म्हणाले, "त्या वाडीचं नाव मी लिहिलं तेव्हा मलाही काही वाटलं नव्हतं रे."

मी त्यांच्याकडे एकच मागणी केली : माथ्यावरचे गावाचे नाव तुम्ही हाताने लिहून पाठवा. त्यांनी ते कागदावर ब्रशने लिहिले. हात थरथरतो, तरी वळण तेच. ते मी रेषांतच उतरवले, कारण ते अक्षर असले तरी चित्रही आहे. मात्र वाचून दाखवणाऱ्या यंत्राला आणि शोधणाऱ्याला सापडावे म्हणून त्याच्यामागे साध्या अक्षरांत गावाचे नाव लिहून ठेवले. खालची बाकी सारी नावे अक्षरांतच आहेत.

ती मुलगी एकदा पुन्हा आली. तिने माझ्यासमोर फोनवरच्या नकाशात आपल्या वाडीचे नवे नाव टाइप केले आणि शोधले. नकाशा सरकला आणि वाडीवर येऊन थांबला. ती काही बोलली नाही. मग तिने 'दऱ्या' शोधले, तेही सापडले. आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून ती पळाली.