व्हिएटोरिसांचं देणं

लेओपोल्ड व्हिएटोरिस यांचं नाव निघालं की समोरचा आधी वय विचारतो. सांगावंच लागतं. जन्म 4 जून 1891, मृत्यू 9 एप्रिल 2002. म्हणजे 110 वर्षं आणि वर 309 दिवस. मग जेवत काय होते, फिरायला जायचे का, असे प्रश्न सुरू होतात आणि गणित राहतं बाजूला. या कौतुकाचा मला खरं तर वीट आलाय. पण माझं त्यांच्याशी जे काही नातं जुळलं, ते वयावरूनच जुळलं, त्याला इलाज नाही.

1994-95 च्या सुमारास मी कोल्हापूरला एम.एस्सी. करत होते. टोपॉलॉजीच्या तासाला सरांनी फळाभर बाण काढून मेयर-व्हिएटोरिस सीक्वेन्स मांडली होती. पाठीमागून कुणीतरी पुटपुटलं, की ही माणसं स्वतः सुटली आणि आम्हाला अडकवून गेली. सर वळले. म्हणाले, "मेयर गेले 1948 साली. दुसरे आहेत अजून. एकशे तीन वर्षांचे. यंदा पेपर छापलाय त्यांनी." वर्ग हसला. सरांनी बाण पुढे काढायला घेतले.

त्या सीक्वेन्सचं मर्म मला कळलं ते बांगडीवरून. बांगडीचे दोन अर्धे तुकडे घ्या, पण टोकं थोडी एकमेकांवर चढतील इतके लांब. एकेक तुकडा म्हणजे नुसती वाकवलेली काडी. त्यात भोक नाही. मग दोन्ही जुळवल्यावर मधे भोक आलं कुठून? तुकड्यांकडे कितीही बघा, उत्तर मिळणार नाही. उत्तर आहे तुकडे जिथे एकमेकांवर चढलेत तिथे. ती जागा एकसंध नाही, दोन ठिकाणी आहे. एकच सांधा असता तर नुसती लांब काडी झाली असती. दुसरा सांधा आला आणि कडं पुरं झालं. एखाद्या आकारात किती भोकं आहेत हे ठरवायचं तर तो दोन भागांत पाडा, दोन्ही भाग तपासा आणि दोघांत सामाईक काय आहे तेही तपासा. या तिघांवरून अख्ख्या आकाराचा हिशेब लागतो. आकार कितीही मितींचा असो, हिशेबाची रीत हीच. आजही मी शिकवते तेव्हा हातातली बांगडी काढूनच दाखवते.

हा सिद्धान्त दोघांच्या नावावर कसा गेला, ती हकीकतही ऐकण्यासारखी आहे. 1926-27 मध्ये व्हिएटोरिस व्हिएन्नाला शिकवत असताना वाल्टर मेयर त्यांच्या व्याख्यानांना बसायचे. मेयर वयाने चार वर्षांनी मोठे. दोन भाग जोडले तर जोडाची होमॉलॉजी, म्हणजे भोकांचा हिशेब, कशी काढायची, हा प्रश्न व्हिएटोरिसांनी त्यांच्यापुढे ठेवला, वाटही सुचवली. मेयर यांनी 1929 मध्ये त्याचं एक रूप सोडवून छापलं. 1930 मध्ये व्हिएटोरिसांनी तो पुरा केला. पुढे मेयर आइन्स्टाइनचे सहायक झाले आणि 1933 मध्ये त्यांच्याबरोबर प्रिन्स्टनला गेले. व्हिएटोरिस इन्सब्रुकला प्राध्यापक झाले आणि 1961 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. स्वतःचा प्रश्न दुसऱ्याच्या हाती सोपवून नंतर त्याच्या शेजारी नाव लावून घेणं आमच्या व्यवसायात फार जणांना जमत नाही.

त्याआधीचं त्यांचं आयुष्य पहिल्या महायुद्धाने खाल्लं. 1914 मध्ये ते जखमी झाले, बरे झाल्यावर इटलीच्या आघाडीवर डोंगरात वाटाड्याचं काम करू लागले, आणि नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध संपतानाच इटालियनांच्या कैदेत सापडले. प्रबंध त्यांनी त्या कैदेत पुरा केला. 'सलग संच' अशा अर्थाच्या मथळ्याने तो 1921 मध्ये छापून आला. ज्याला आपण आज कॉम्पॅक्ट म्हणतो ती कल्पना त्यात आहे. आंरी कार्तान यांनी 1937 मध्ये 'फिल्टर' म्हणून मांडलेल्या कल्पनेचं बीजही तिथे सापडतं. पुस्तकांत मात्र कार्तान येतात, व्हिएटोरिस येत नाहीत. यावर त्यांनी कधी आरडाओरडा केल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. नंतर ते ब्राउवर यांच्याकडे अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन राहिले, आणि 1927 मध्ये त्यांचा तो गाजलेला लेख आला, ज्यात जवळजवळचे बिंदू जोडत जाऊन आकार उभा करण्याची रीत आहे. ठरावीक अंतराच्या आत असलेले दोन बिंदू रेषेने जोडा, तिघे परस्परांच्या जवळ असतील तर त्रिकोण भरा, असं वर वर चढत जायचं. आज संगणकावर डेटाचा 'आकार' शोधणारी मुलं हीच रचना व्हिएटोरिस-रिप्स या नावाने वापरतात. माझी एक विद्यार्थिनी पुण्यात हेच काम करते. तिला वाटायचं, हे दोघं कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीतले असणार.

पण माझं स्वतःचं देणं टोपॉलॉजीतलं नाही.

एम.एस्सी.नंतर नोकरी, लग्न, दोन मुली, सासूबाईंचं आजारपण, असं सगळं रीतसर झालं. संशोधन राहून गेलं. पन्नाशीच्या आत-बाहेर पीएच.डी.ला नाव नोंदवायला गेले तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने हसतच विचारलं, "मॅडम, आता कशाला?" मी काहीच बोलले नाही. घरी येऊन मात्र कपाट उपसलं. सरांनी सांगितलेल्या त्या म्हाताऱ्यांनी शंभरी ओलांडल्यावर नेमकं काय छापलं होतं, ते मला बघायचं होतं.

तो पेपर त्रिकोणमितीय बेरजांवरचा होता. म्हणजे साइनच्या किंवा कोसाइनच्या पदांना ठरावीक आकडे गुणून केलेली बेरीज 0 ते π दरम्यान धन राहते का, हा प्रश्न. वाटतो तितका सोपा नाही, कारण पदं सारखी वर-खाली होत असतात आणि बेरीज कुठल्याही क्षणी शून्याखाली घसरू शकते. व्हिएटोरिसांनी 1958 मध्ये, सदुसष्टीत असताना, दाखवलं की गुणक विशिष्ट वेगाने उतरत गेले तर साइनची बेरीजही धन राहते आणि कोसाइनचीही. कडेवरचे गुणक असे: 1, 1, मग 1/2, 1/2, मग 3/8, 3/8. जोडीजोडीने उतरणारे. मी पहिल्यांदा हे हाताने मांडून बघितलं तेव्हा त्या जोड्यांचीच मौज वाटली. साइन आणि कोसाइन दोघांनाही एकाच मापात बसवण्यासाठी असं दोन-दोन पावलं सारखी टाकत उतरावं लागेल, हे सुचलं कसं असेल?

हा निष्कर्ष पंधरा-सोळा वर्षं कुणाच्या ध्यानात आला नाही. 1974 मध्ये रिचर्ड आस्की आणि जॉन स्टाइनिग यांनी त्याची नवी सिद्धता दिली, तेव्हा लोक तो वाचू लागले. हे आस्की म्हणजे रामानुजनवर जीव असलेले, त्यांच्या पत्नी जानकीअम्मांसाठी रामानुजनचा अर्धपुतळा घडवून घेण्यात पुढाकार घेणारे. व्हिएटोरिसांनी 1959 मध्ये दुसरा भाग लिहिला होता. तिसरा आला 1994 मध्ये. मथळा तोच, पुढे फक्त आकडा तीन. मधल्या पस्तीस वर्षांबद्दल अवाक्षर नाही. जणू कालचं काम आज पुढे चालू! मला त्या आकड्याने जो धीर दिला तो कुठल्याही उपदेशाने दिला नसता. माझा प्रबंध अशाच बेरजांवर झाला. त्यातला मुख्य अंदाज त्यांच्या 1958 च्या असमानतेवर उभा आहे. ती काढली तर माझा तिसरा अध्याय कोसळेल. ऋण म्हणते ते या शब्दशः अर्थाने.

आणखी एक गोष्ट मला त्यांच्याबद्दल फार आवडते. ते डोंगरातले माणूस होते. ओबरगुर्गल गावाच्या वर होखएबेनकार नावाच्या जागी एक दगडी हिमनदी आहे. वरून नुसता धोंड्यांचा ढीग दिसतो, पण आत बर्फ असतो आणि सगळा पसारा इंचाइंचाने उताराकडे सरकत असतो. तिची मोजणी 1938 मध्ये सुरू झाली होती. युद्धानंतर व्हिएटोरिसांनी ती हाती घेतली. धोंड्यांवर खुणा करायच्या, पुढच्या वर्षी चढून जायचं, खूण किती सरकली ते बघायचं. 1972 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी त्यावर लेख लिहिला. ती मोजणी पुढच्या लोकांनी चालू ठेवली आणि आज हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. गणितात एवढं नाव असलेला माणूस दरवर्षी धोंडे मोजायला वर चढतो, याचं इतरांना नवल वाटेल. मला वाटत नाही. ज्याला पस्तीस वर्षांनी तिसरा भाग लिहिता येतो त्यालाच हे काम जमणार.

मात्र हे सगळं जमायला मागे घर लागतं. त्यांची पहिली पत्नी क्लारा 1935 मध्ये सहाव्या मुलीच्या बाळंतपणात गेली. पदरात सहा मुली. पुढच्या वर्षी त्यांनी क्लाराच्या बहिणीशी, मारियाशी लग्न केलं. पस्तिशीतली ही बाई एका फटक्यात सहा भाच्यांची आई झाली. पासष्टहून जास्त वर्षं संसार झाला. मारिया 24 मार्च 2002 रोजी शंभर वर्षांची होऊन गेली, आणि नंतर सोळाच दिवसांनी व्हिएटोरिस गेले. त्यांच्यावरच्या लेखांत मारियाला एखादं वाक्य मिळतं. मी बाई म्हणून हे जास्त लागतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझ्या प्रबंधाच्या वर्षांत आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक नणंदेने केला, सासूबाईंची औषधं तिने सांभाळली. त्यामुळे सिद्धान्ताखाली कुणाकुणाचे हात असतात ते मला ठाऊक आहे.

प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं. त्यात मी मार्गदर्शक, कॉलेज, नणंद, आणि न भेटलेले प्राध्यापक व्हिएटोरिस अशी नावं लिहिली. त्याखाली लिहिलं, श्रीमती मारिया व्हिएटोरिस. मार्गदर्शकांनी कच्चा खर्डा वाचताना पेन्सिलीने खूण करून विचारलं, "या कोण? यांचा पेपर संदर्भसूचीत दिसत नाही." मी सांगितलं. ते म्हणाले, परीक्षक विचारतील. म्हटलं, विचारू देत. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही. सगळा वेळ तिसऱ्या अध्यायातच गेला.